नामदार गोखले आणि रयतेचा ताळेबंद

बसवनगुडीतून बुल टेंपल रस्त्याने नरसिंहराजा कॉलनीकडे जाताना गोखले सार्वजनिक विचार संस्थेची वास्तू लागते. बेंगळूरला नव्याने आलेल्या मराठी माणसास पाटीवरील नाव वाचून क्षणभर नवल वाटते, कारण ही संस्था मराठी मंडळींनी काढलेली नव्हे. कन्नड साहित्यातील ज्येष्ठ विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली आणि गोखल्यांचे चरित्रही कन्नडात लिहिले. त्याआधी, गोखल्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, म्हणजे ८ मे १९१५ रोजी, गांधीजींच्या हस्ते याच शहरात गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण झाले होते. आपल्या कोतळूकच्या गोपाळरावांना या शहराने इतक्या लवकर आपलेसे केले, याचा अभिमान आम्हां येथील मराठी कुटुंबांस वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि आज गोखले म्हटले की नेमस्त पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू, टिळकांचे प्रतिपक्षी, एवढ्यावर आपली आठवण थांबते. त्यांच्या आयुष्याचा जो भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, तो या तिन्ही बिरुदांत मावत नाही. ज्या देशात कोणाची मिळकत किती याची धड नोंद कोठेच नव्हती, तेथे गरीब माणूस अधिक गरीब होत आहे की सुखी होत आहे, हे सरकारच्याच अपुऱ्या कागदांवरून ठरवण्याचा खटाटोप गोपाळरावांनी केला. आमची उभी नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत तक्ते आणि गोषवारे यांच्या संगतीत गेली असल्यामुळे त्या खटाटोपाची किंमत आम्हांस अंमळ अधिक जाणवत असावी. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावचा. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांचे वय अठराच्या आसपास. त्यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत मागचे सारे कुटुंब चालायचे. पंधरा वजा आठ बरोबर सात, ही वजाबाकी ज्याच्या शिक्षणासाठी घरात दर महिन्यास मांडली गेली, त्याला पुढे दरमाणशी उत्पन्न म्हणजे काय हे कोणी समजावून द्यावे लागले नसेल.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी अभ्यास करून ते १८८४ साली बी. ए. झाले. वकिलीचा किंवा सरकारी नोकरीचा रस्ता मोकळा असता ते न्यू इंग्लिश स्कुलात शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षे महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवण्याच्या व्रताला त्यांनी स्वतःस बांधून घेतले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय समोर येईल तो ते शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांनी घोकले. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना गोखले हे नाव प्रथम व्याजाच्या आणि काळ-काम-वेगाच्या उदाहरणांमुळेच ठाऊक झाले, हे वाचकांपैकी काहींना आपल्या घरीही ऐकावयास मिळाले असेल.

पुण्यातच त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम तरुण गोपाळरावांकडे आले आणि त्याबरोबर सरकारी अहवाल वाचण्याची शिक्षाही. शिक्षाच म्हणावयाची, कारण रानड्यांच्या नजरेतून ढिला शब्द किंवा न तपासलेला आकडा सुटत नसे. दुसरे गुरू मिळाले ते गणेश व्यंकटेश जोशी. हे सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे विद्वत्ताप्रचुर लेख त्रैमासिकात निनावी येत. शेतसारा, मीठ, रेल्वे, लष्कर, हुंडणावळ या विषयांवरचा एकही सरकारी तक्ता जोशींनी वाचला नाही असे होत नसे. गोपाळरावांच्या पुढील भाषणांतला आकड्यांचा बराचसा कच्चा माल या अबोल मास्तरांच्या टिपणांतून आलेला आहे. जोशी १९११ साली वारले. त्यांचे लेखन ग्रंथरूपाने पाहावयास मिळाले ते त्यानंतर, १९१२ मध्ये. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी माणसे तळटीपेत जातात. आम्ही त्यांस मजकुरात घेतले आहे.

आता त्या काळचा मूळ वाद काय होता, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

हिंदुस्थानात दरमाणशी उत्पन्न किती, हा प्रश्न पहिल्यांदा हट्टाने विचारला तो दादाभाई नौरोजींनी. १८६७ ते १८७० या वर्षांच्या सरकारी नोंदी घेऊन त्यांनी प्रत्येक प्रांतातील मुख्य पिकाचे क्षेत्र, एकरी उतारा आणि बाजारभाव यांचा गुणाकार केला, बियाणे वजा केले, मीठ, खाणी व कारागिरी यांचे अंदाजे उत्पन्न मिळवले, आणि सतरा कोटी लोकांत सुमारे ३४० कोटी रुपये, म्हणजे माणशी वर्षास वीस रुपये, असा हिशेब काढला. त्याच वेळी केवळ जगण्यापुरते अन्नवस्त्र मिळण्यास ३४ रुपये लागतात हे त्यांनी तुरुंगातील कैद्यांच्या आणि परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या शिध्यावरून दाखवून दिले. म्हणजे सरकारच्या कैद्याला जे मिळत होते, तेवढेही सरासरी प्रजाजनास मिळत नव्हते.

दादाभाईंनी आणखी एक दोष उघडा केला. सरकारी अहवालांत प्रांताचा सरासरी भाव काढताना साऱ्या जिल्ह्यांचे भाव मिळवून त्या बेरजेला जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले असे. समजा, एका तालुक्यात हजार खंडी ज्वारी पिकली आणि भाव खंडीला वीस रुपये. दुसऱ्यात पन्नासच खंडी पिकली आणि टंचाईमुळे भाव चाळीस. सरकारी रीतीने सरासरी भाव तीस. वास्तविक सगळ्या ज्वारीची किंमत करून तिला खंडींनी भागले तर तो एकवीसच्याही किंचित खाली येतो. तीसचा भाव धरून ज्याने रयतेचे उत्पन्न मोजले, त्याने कागदावर तिला जवळजवळ दीडपट श्रीमंत करून टाकले.

यावर सरकारची उत्तरे येत गेली. १८८२ साली बेअरिंग व बार्बर यांनी माणशी २७ रुपयांचा आकडा काढला. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी तो ३० वर गेल्याचे जाहीर केले आणि प्रजा हळूहळू का होईना सुधारत आहे असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज गृहस्थांनी भला मोठा ग्रंथ लिहून तो आकडा दादाभाईंच्या विसांच्याही खाली ओढला. तीस की सतरा-अठरा? गंमत अशी की दोन्ही पक्षांचे कागद तेच होते. बंगालात १७९३ पासून कायमधारा असल्याने गावोगाव दरसाल पीकपाहणीची सरकारला गरजच नव्हती, म्हणून तेथील पिकांचे आकडे म्हणजे अजमास. आपल्याकडे रयतवारी असल्यामुळे कुलकर्ण्यांची दप्तरे होती, पण तीही साऱ्यासाठी लिहिलेली. एकरी उतारा जो तो आपल्या मताने धरी. प्राप्तिकराची नोंद होती, परंतु १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळलेले आणि वर्षास पाचशे रुपयांखालील माणूस तर त्या दप्तरात येणेच शक्य नव्हते. अर्थात श्रीमंतांची थोडीबहुत नोंद, मधल्यांची तुरळक, आणि ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांची शून्य.

या वादात गोपाळराव उतरले ते १८९७ साली. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे डेक्कन सभेच्या वतीने साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. वयाची एकतिशीही पुरी झालेली नव्हती. जोशींसह कसून तयारी केलेली होती. उलटतपासणीत त्यांनी आपला एकही आकडा सोडला नाही आणि मायदेशी त्यांचे कौतुक झाले.

परंतु त्याच प्रवासात त्यांच्या आयुष्यातला सर्वांत कटू प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता आणि गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाची पत्रे त्यांना मित्रांकडून येत होती. दोन स्त्रियांवर अत्याचार झाला व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे त्यांनी त्या पत्रांच्या भरवशावर विलायतेतील वृत्तपत्रास सांगितले. इकडे रँडचा खून झालेला, सरकार खवळलेले. गोपाळराव मुंबईस उतरले तेव्हा पुरावा मागण्यात आला. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येईना आणि त्यांची नावे सांगणे गोपाळरावांच्या सभ्यतेत बसेना. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांस भ्याड ठरवले, अँग्लो-इंडियन पत्रांनी खोटारडे. त्यानंतर हा मनुष्य पुण्यात प्लेगनिवारणाच्या कामात राबला, ही गोष्ट टीकाकारांपैकी थोड्यांनीच ध्यानात घेतली.

त्या माफीविषयी आजही दोन मते आहेत. आम्ही एवढेच म्हणू की, सहा महिन्यांच्या आत एकाच माणसाने दोन साक्षी दिल्या. सरकारी कागदांवर उभी असलेली टिकली, खाजगी पत्रांवर उभी असलेली कोसळली. मग तिच्यात सत्य किती होते हा प्रश्नच उरला नाही. पुढे गोपाळराव विधिमंडळात जे बोलले, ते पाहता हा अनुभव त्यांच्या हाडीं भिनला असावा असे आम्हांस वाटते. रयतेच्या हालांची वर्णने त्यांच्या भाषणांत फार आढळत नाहीत. आढळतात ते सरकारने स्वतः छापलेले आकडे.

१८९९ साली ते मुंबई विधिमंडळात निवडून आले. त्या वेळी १८९६ आणि १८९९ अशा दोन भीषण दुष्काळांनी दख्खन पिचलेली होती. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. त्याच वर्षाअखेर फिरोजशहा मेहतांच्या जागी गोपाळराव वरिष्ठ विधिमंडळात निवडले गेले आणि कलकत्त्यास आले. १९०२ च्या आरंभी सुमारे महिनाभर दक्षिण आफ्रिकेहून आलेले गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर तेथे त्यांच्याकडेच उतरले होते. यजमान एक क्षण वाया घालवीत नाहीत, हे त्या पाहुण्याने बारकाईने टिपून ठेवले.

२६ मार्च १९०२ हा अंदाजपत्रकावरील चर्चेचा दिवस. चर्चाच केवळ, सभासदांना त्यावर मत देण्याचा अधिकार नव्हता. सर एडवर्ड लॉ यांनी सात कोटी रुपयांची शिल्लक दाखवली होती आणि सभागृहात अभिनंदनाचे वातावरण होते. नवे सभासद गोखले उठले आणि त्यांनी नम्र शब्दांत अभिनंदनास नकार दिला. दुष्काळाने लाखो माणसे मेली त्याच वर्षांत खजिना भरतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उत्तरही त्यांनीच दिले.

ते उत्तर असे. विलायतेत सरकारला दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम पाठवावी लागे. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाचा भाव तेरा पेन्सांपर्यंत घसरला होता, तेव्हा एका पौंडास साडेअठरा रुपयांच्या जवळ पडत. टांकसाळी १८९३ पासून खाजगी रुप्यास बंद करून रुपया दुर्मिळ करण्यात आला, तो १८९८ पर्यंत सोळा पेन्सांवर चढला आणि पौंड पंधरा रुपयांस मिळू लागला. पौंडामागे जवळजवळ साडेतीन रुपये वाचले. दीड कोटी पौंडांवर पाच कोटींहून अधिक. म्हणजे शिल्लक रयतेच्या भरभराटीतून आलेली नव्हती. रुपया तंग असताना बसवलेले जादा कर रुपया सुधारल्यावरही तसेच चालू ठेवल्यामुळे ती साचली होती. शिवाय टांकसाळी मिटल्यामुळे गरिबाच्या घरच्या चांदीच्या वाळ्या-कडदोऱ्यांची किंमत उतरली, हे कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

मग प्रजेची स्थिती कशी मोजावयाची? येथे गोपाळरावांचे खरे चातुर्य दिसते. तीस रुपये की अठरा, या भांडणात आपली तिसरी रक्कम घालण्याऐवजी त्यांनी वेगळ्या खुणा शोधल्या. १९०१ च्या शिरगणतीने दहा वर्षांत लोकसंख्या अवघी २८.७ कोटींवरून २९.४ कोटींवर गेल्याचे दाखवले होते. मृत्यूंचे नोंदलेले प्रमाण वाढत होते. चांगल्या पिकांची जागा हलकी पिके घेत होती. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे मीठ.

मिठाची निवड का, हे नीट पाहण्यासारखे आहे. शंभर वस्तीच्या एखाद्या गावात सावकाराचे उत्पन्न वर्षास हजार रुपये आणि बाकी नव्व्याण्णव जणांचे प्रत्येकी वीस, असे धरा. सरासरी काढली तर ती जवळपास तीस येते. लॉर्ड कर्झनसाहेबांचा आकडा खरा ठरतो आणि गावातील एकाही माणसास तो लागू पडत नाही. पण मीठ? सावकार इतरांच्या पन्नासपट श्रीमंत असला तरी पन्नासपट मीठ खात नाही. मिठाच्या हिशेबात प्रत्येक तोंड सारखेच मोजले जाते, म्हणून सरासरी मीठ घटले तर ते गरिबाच्याच ताटातून घटले असले पाहिजे. शिवाय मिठावर मणामागे कर असल्याने त्याचे वजन सरकार स्वतःच दरसाल छापत असे. १८८८ साली हा कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला आणि त्यानंतर लोकसंख्येच्या मानाने खप खाली आला, हे गोपाळरावांनी सरकारच्याच बहीखात्यांतून वाचून दाखवले.

या पुराव्यात फटी नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. खप करामुळे घटला की दारिद्र्यामुळे, हे मिठाचे वजन सांगू शकत नाही. गुरांना घालावयाचे आणि मासळीस लावावयाचे मीठ त्याच वजनात येते. मृत्यूंची नोंद अधिक काटेकोर होऊ लागली की मरणारे न वाढताही आकडा वाढतो. सरकारपक्षाचे असले आक्षेप टाकाऊ नव्हते. पण एक खूण फसवील, चार वेगवेगळ्या खात्यांच्या चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या तर त्यांस योगायोग म्हणणे कठीण जाते. गोपाळरावांची भिस्त या एकवाक्यतेवर होती.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर मणास दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. दोन्ही मागण्या त्या भाषणात होत्या. सगळे श्रेय एका भाषणास देणे इतिहासास धरून होणार नाही. शिल्लक इतकी फुगली होती की काही तरी सोडणे सरकारास भागच होते. पण गोपाळराव थांबले नाहीत. १९०५ साली कर दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर उतरला, आणि दर खेपेस खप वाढला की ते तो वाढीव आकडा सभागृहात मांडून पुढली सूट मागत. कर उतरवताच गरिबाने अधिक मीठ घेतले, म्हणजे आधी तो मिठावाचून राहत होता, हे आता कोणास नाकारता येईना.

यानंतरच्या घटना सर्वांस ठाऊक आहेत. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्षपद आले. १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. १९१२ मध्येच दक्षिण आफ्रिकेचा प्रवास झाला. मधुमेहाने आणि अतिश्रमाने देह खंगत गेला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांनी हाती घेतलेली मोजणी मात्र पुढे चालू राहिली. १९३० साली पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी सरकारी कागदांत न सापडणारा माणूस शोधण्यासाठी घरोघर आणि गावोगाव पाहणी करवली. १९४९ साली स्वतंत्र भारताने प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तेव्हा गाडगीळ तिचे एक सभासद होते आणि दुसरे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३१-३२ सालच्या उत्पन्नाचा त्यांचा ग्रंथ विख्यात आहे, आणि १९७२ साली याच बेंगळूरात सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था त्यांनीच उभारली. पेशवाईअखेरच्या पुण्यातील भाव आणि मजुरी दप्तरांतून वेचून काढणारा वि. द. दिवेकरांचा अभ्यासही गोखले संस्थेनेच १९८९ साली छापला. अलीकडे चॅन्सेल आणि पिकेटी या अर्थशास्त्रज्ञांनी १९२२ पासूनचे प्राप्तिकराचे तक्ते घेऊन असे मांडले की, देशाच्या उत्पन्नात वरच्या शंभरांतील एकाचा वाटा १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे २१ टक्के होता, १९८० च्या दशकाच्या आरंभी तो ६ टक्क्यांवर आला आणि २०१५ पर्यंत २२ टक्क्यांवर गेला. या आकड्यांवरही वाद आहेत, आणि त्यांचे कारण तेच जुने: वरच्यांची नोंद प्राप्तिकरात, खालच्यांची पाहणीत, आणि मधली जागा अजमासाने भरलेली.

मिठाचे मात्र झाले ते असे. गोपाळराव होते तोवर तो कर एक रुपयाच्या वर गेला नाही. ते गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, महायुद्धाच्या खर्चासाठी तो पुन्हा मणास सव्वा रुपया करण्यात आला.